कागदावरचे वस्त्र

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाचनालयात मांडलेल्या वस्त्ररेखाटनांच्या छोट्या प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)





आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा अध्यक्षांनी आम्हाला केली. शिक्षकाला बोलायला उभे केले की तो धडा दिल्यावाचून खाली बसत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्यापैकी कित्येकांची मुले आमच्या वर्गातून पुढे गेली आहेत, तेव्हा ही सवय आपण यापूर्वीही सोसलेली आहे. मात्र आजचा धडा क्रमिक पुस्तकातला नाही. तो शेजारच्या वाचनालयात चार टेबलांवर मांडला आहे.

पहिल्या टेबलावर काचेखाली एक मोठे पुस्तक उघडून ठेवले आहे. ते आहे भानू अथैया यांचे 'द आर्ट ऑफ कॉस्च्यूम डिझाइन', प्रकाशनवर्ष २०१०. बाकीच्या तीन टेबलांवर आपल्याच सभासदांच्या घरून आलेले कागद आहेत: जरदोजीचे खाके, जेकार्डचे ग्राफ, शिंपीकाम करणाऱ्या दोघा-तिघांच्या मापांच्या वह्या, आणि मुलींनी वहीत काढलेली पोशाखांची चित्रे. प्रदर्शन लहान आहे. घाईने पाहणाऱ्याला दहा मिनिटे पुरतील. पण सुरतेसारख्या कापडाच्या शहरात कापड न मांडता कागद का मांडले, असा प्रश्न सकाळपासून तिघा-चौघांनी आम्हाला विचारला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हेच आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

प्रथम त्या पुस्तकाच्या कर्त्या बाईंविषयी सांगतो. भानू अथैया या मूळच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म कोल्हापूरचा, १९२९ सालचा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, परंतु मुलगी लहान असतानाच ते वारले. घरात भावंडे पुष्कळ. अशा स्थितीत त्या घरातील मुलगी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेली आणि सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाली. १९५३ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. सूझा, रझा, हुसेन ही ज्या मंडळाची नावे, त्या मंडळाच्या भिंतीवर कोल्हापूरच्या या तरुण मुलीचेही काम होते. त्या मार्गाने गेल्या असत्या तर कदाचित आज त्यांचे नाव चित्रकारांच्या यादीत असते.

तथापि पोट हेही एक खरे असते. भानुताई 'ईव्हज वीकली' या इंग्रजी साप्ताहिकासाठी पोशाखांची रेखाटने करू लागल्या. पुढे त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले आणि कागदावर काढता ते कापडातही करून दाखवा, असे सुचविले. तेथे त्यांच्या हातचे कपडे पाहून चित्रपटातल्या नट्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. १९५६ च्या 'सी. आय. डी.' पासून गुरुदत्त यांच्या संस्थेशी त्यांचा संबंध जुळला. 'प्यासा', 'चौदहवीं का चाँद', 'साहिब बीबी और गुलाम' ही नावे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नकोत. पुढे शंभराहून अधिक चित्रपटांचे पोशाख त्यांनी केले. १९६५ च्या 'वक्त' चित्रपटात साधना यांनी घातलेला अंगासरशी कुर्ता आणि चुडीदार त्यांचाच. तो पोशाख पडद्यावरून उतरून गावोगावच्या शिंप्यांच्या दुकानांत पोहोचला. 'लेकिन' आणि 'लगान' या दोन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आणि १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे ही कोल्हापूरची चित्रकाराची मुलगी. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ही त्यांची हकीकत झाली. आता आमच्या मुद्द्याकडे येतो.

पोशाखाचे रेखाटन म्हणजे सुंदर बाईचे चित्र, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते एक पत्र आहे. ज्याने पोशाख मनात पाहिला, त्याने ज्याच्या हातून तो व्हावयाचा त्याला लिहिलेले पत्र. त्यात समोरची बाजू असते, पाठीमागची असते. कापड कोणते, काठ किती बोटे, गळा कोठवर, चुण्या किती, दागिने कोणते, पायांत काय, केसांची ठेवण कशी, हे सारे शेजारी टिपलेले असते. पुष्कळदा कोपऱ्यात कापडाचा तुकडाही टाचलेला असतो. हा कागद मास्तरच्या हाती पडतो, तेथून रंगाऱ्याकडे, भरतकाम करणाऱ्याकडे, दागिने घडविणाऱ्याकडे जातो. त्या एका कागदावर दहा माणसांचे हात एकत्र येतात. कागद नसला तर दहा जण दहा प्रकारे समजतील.

एक गंमतही सांगून ठेवतो. मुलींच्या रेखाटनांच्या टेबलापाशी उभे राहून कोणी म्हणेल की ही माणसे अशी उंचच उंच का? साधारण माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसातपट असते. फॅशनच्या रेखाटनात ती नऊपट धरतात, म्हणजे कापडाची पडण डोळ्यांत भरते. परंतु हेच काम शिंप्याकडे पाठविताना दुसरे, सपाट आणि मापांचे चित्र काढावे लागते. तेथे लांबविलेले पाय चालत नाहीत. एकाच पोशाखाची ही दोन चित्रे ज्याला काढता येतात तो खरा जाणकार. आमच्या मुलींना पहिले येते. दुसरे शिकविणारे कोणी तरी हवे आहे, एवढे येथे नमूद करतो.

रेखाटनापूर्वी अभ्यास किती लागतो याचे उदाहरण घेऊ. १९६६ साली 'आम्रपाली' हा चित्रपट आला. वैशालीच्या नर्तकीची ती कथा, गौतम बुद्धाच्या काळातली. त्या काळचे कपडे कोणी जपून ठेवलेले नाहीत. तेव्हा भानुताई गेल्या अजिंठ्याला. आपल्यापैकी ज्यांची मुळे खानदेशात आहेत त्यांना अजिंठा परका नाही. जळगावहून तो साठेक किलोमीटर. लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर आपण तेथे गेलो, डबा खाल्ला आणि परत आलो. त्याच भिंतींवर या बाईंनी वस्त्र पाहिले: ते कमरेला कसे गुंडाळले आहे, गाठ कोठे आहे, उत्तरीय खांद्यावरून कसे उतरते, कोणते अलंकार कोणाच्या अंगावर आहेत. अजिंठ्याची बरीचशी चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, आणि आम्रपालीचा काळ त्यापूर्वी सुमारे हजार वर्षांचा, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हाला सांगितले पाहिजे. तरी इतक्या तपशिलाने वस्त्र दाखविणारा त्याहून जवळचा पुरावा कोठला आणावा? त्या भिंतींवरून कागद आणि कागदावरून पोशाख, असा तो प्रवास झाला. वैजयंतीमाला यांचे ते रूप आजही नाचणाऱ्या मुली डोळ्यांपुढे ठेवतात.

दुसरे उदाहरण 'गांधी' चे. एका माणसाच्या आयुष्यातील पंचावन्न वर्षे पडद्यावर दाखवायची, तर प्रत्येक वर्षी तो काय नेसत होता हे ठाऊक हवे. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरलेले गांधीजी बॅरिस्टरच्या कोटात आणि पगडीत होते. १९१३ च्या सत्याग्रहात त्यांनी गिरमिटिया मजुरांचा साधा वेश घेतला. जानेवारी १९१५ मध्ये मुंबईत परतले ते काठियावाडी पोशाखात. आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस त्यांनी पंचा स्वीकारला, तो अखेरपर्यंत. सन चुकला की पोशाख चुकला, आणि पोशाख चुकला की इतिहास चुकला. याशिवाय त्यांच्याभोवतीची माणसे: कस्तुरबा, नेहरू, जिना, सरोजिनी नायडू, मजूर, शिपाई, वकील, खेडूत. अंत्ययात्रेच्या एका प्रसंगासाठीच तीन लाखांवर माणसे जमली होती. येथून दांडी किती जवळ आहे! १९३० सालची ती यात्रा आपल्या या सुरत शहरातून गेली. त्या यात्रेतील लोकांच्या अंगावर खादी कशी होती, टोपी कशी होती, हे आज जगभरच्या मुलांना ज्या चित्रपटातून दिसते, त्यामागे कागदांची एक चळत आहे.

आता दुसऱ्या टेबलाकडे वळू. तेथील कागद कोणत्याही ऑस्करचे धनी नाहीत. परंतु जातीने ते पहिल्या टेबलावरच्या कागदांचे सख्खे भाऊ आहेत.

खाका आपल्याकडे बहुतेक घरांत कोणी ना कोणी पाहिला असेल. वेलबुट्टी पातळ कागदावर काढायची, रेषेवरून सुईने जवळजवळ भोके पाडायची, तो कागद कापडावर अंथरायचा आणि रॉकेलात कालविलेली खडूची पूड किंवा नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. मग अड्ड्यावर बसलेले कारागीर त्या ठिपक्यांवरून सलमा, टिकी, कसब भरीत जातात. कापड गडद असेल तर पांढरी पूड, फिके असेल तर निळी, हे आमच्या वर्गातील पाचवीचे पोरही सांगेल, कारण त्याने ते घरी पाहिले आहे. एका खाक्यावर पन्नास साड्या निघतात, शंभर निघतात. खाका काढणाऱ्याला मजुरी मिळते ती एकदाच, आणि साडीवर त्याचे नाव कोठेही येत नाही.

ग्राफचेही तसेच. चौकटीच्या कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एकेक छेद. कोणता धागा वर येणार आणि कोणता खाली राहणार, हे रंग भरून ठरवायचे. त्यावरून जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडतात. फ्रान्समधील जोसेफ मारी जेकार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही युक्ती पूर्णत्वास नेली. भोके असणे आणि नसणे यांवर चालणाऱ्या त्या पुठ्ठ्यांनीच पुढे संगणकाच्या कल्पनेला वाट दाखविली, असे विज्ञानाचा इतिहास सांगतो. आज हे काम पुष्कळ ठिकाणी संगणकावरच होते. परंतु डोळा, बोटे आणि डोके त्याच माणसाचे लागते, आणि तो माणूस आज या सभागृहात मागच्या रांगेत बसलेला आहे.

मंडळी, आम्हाला सांगायचे आहे ते एकच. कागद ज्याच्याजवळ राहतो, नाव त्याच्याजवळ राहते. आणि पुष्कळदा बाजारही.

हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. १८६६ सालची गोष्ट आहे. लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फोर्ब्स वॉटसन या गृहस्थाने हिंदुस्थानातील कापडांचे सातशे नमुने कापून, चिकटवून त्यांचे अठरा खंड तयार केले. अशा वीस प्रती झाल्या. त्यांपैकी तेरा ब्रिटनमधील व्यापारी शहरांत ठेवल्या आणि सात हिंदुस्थानात पाठविल्या. हेतू स्पष्ट होता. हिंदी लोकांना काय नेसावयास आवडते हे तेथील गिरणीमालकांनी घरबसल्या पाहावे आणि तसे कापड विणून आपल्यालाच विकावे. धोतराची लांबी, लुगड्याचा काठ, पागोट्याची रुंदी, सर्व काही त्यात नोंदलेले होते. ज्या विणकराने तो काठ योजिला त्याचे नाव मात्र नव्हते. नमुना जपणे म्हणजे काय, हे त्यांना कळले होते. आपल्या आजोबा-पणजोबांना ते कळले नव्हते असे नाही. त्यांच्याजवळ कपाट नव्हते.

भानुताईंच्या बाबतीतही एक विचार करण्यासारखी गोष्ट घडली. २०१२ साली, वय झालेले असताना, त्यांनी आपले ऑस्कर परत अमेरिकेतील अकादमीकडे सोपविले. रागाने नव्हे, मानापमानाने नव्हे; आपल्या पश्चात ते नीट सांभाळले जावे एवढ्यासाठी. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ साली चोरीस गेले होते, ही गोष्ट सर्वांच्या मनात ताजी होती. ज्या बाईंनी साऱ्या देशाची वेशभूषा जगाला दाखविली, त्यांना आपली ठेव निर्धास्तपणे ठेवावी अशी जागा परदेशात दिसली. त्यांच्या निधनानंतर डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या संग्रहातील चित्रे, वस्त्ररेखाटने आणि काही पोशाख मुंबईच्या प्रिन्सेप्स या लिलावसंस्थेने विक्रीस काढले. जे कागद मोल देऊन घेतले जातात ते निदान जपले तरी जातात, म्हणून त्याबद्दल आम्ही नाक मुरडीत नाही. परंतु लिलावातून दहा घरी गेलेले कागद पुन्हा एका टेबलावर येणे कठीण, हेही तितकेच खरे.

आपल्या गुजरातेत चांगली उदाहरणे आहेत. अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने १९४९ मध्ये कॅलिको संग्रहालय उभे केले, आणि जुने कापड पाहावयास तेथे जगातून माणसे येतात. आपल्या सुरतेत १८९० साली विंचेस्टर साहेबांच्या नावाने संग्रहालय निघाले. पुढे ते सरदारांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आता विज्ञान केंद्राच्या इमारतीत आहे. ज्यांनी मुलांना अजून तेथे नेले नसेल त्यांनी अवश्य न्यावे. परंतु मोठ्या संग्रहालयात राजाचा अंगरखा जातो. तो भरणाऱ्याचा खाका जात नाही. तो आपणच ठेवला तर राहील. सुरतेच्या जरीला भौगोलिक संकेताची नोंद मिळालेली आहे, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचे छत्र मिळाले. गावाचे नाव राहिले, फार चांगले झाले. आता गावातल्या माणसांच्या नावांचे पाहिले पाहिजे.

यात व्यवहाराचीही एक बाजू आहे. आपल्यापैकी काहींनी आमच्याकडे येऊन सांगितले आहे की नवी नक्षी बाजारात गेली की पंधरवड्यात तिची नक्कल दुसऱ्याच्या साडीवर दिसते. तक्रार खरी आहे. त्यावर इलाज काय? आपल्या देशात डिझाइन्स अ‍ॅक्ट, सन २००० चा कायदा आहे. नक्षी नवी असेल आणि बाजारात किंवा इतरत्र जाहीर होण्यापूर्वी नोंदविली, तर दहा वर्षे हक्क मिळतो आणि आणखी पाच वर्षे वाढवून घेता येतो. नोंद न करता त्या नक्षीच्या पन्नासांहून अधिक प्रती काढल्या, तर कॉपीराइटच्या कायद्याचाही आधार उरत नाही. प्रत्येक खाका नोंदवीत बसणे कोणाच्याच खिशाला परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु हंगामाला जी एक-दोन खास नक्षी निघतात त्यांचा विचार करावा. आणि नोंद करा अथवा न करा, ही नक्षी अमुक तारखेस अमुक माणसाने काढली, असे सांगण्यासाठी तारीख घातलेला मूळ कागद हाती असावा लागतो. तो जर गोणीत भरून रद्दीवाल्याकडे गेला असेल, तर वकील तरी काय करील?

तेव्हा आजच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टपुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. तीनही लहान आहेत.

पहिली विनंती कपाटाची. वाचनालयात एक पोलादी कपाट यासाठी राखावे, आणि ते वरच्या मजल्यावर असावे. वरच्या मजल्यावर का, हे ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगण्याची गरज नाही. उकाईचे पाणी सुटले आणि तळमजल्यांवरची कितीतरी घरांची कागदपत्रे, पुस्तके, लग्नाचे फोटो यांचा चिखल झाला. कपाटात कागद आडवे ठेवावेत, घडी करू नये. चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि कागद खाते. हौसेने लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. उन्हात आणि ओलीत ठेवू नये. पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, तारीख, काम कशाचे आणि कोणासाठी, एवढे लिहावे. जे आता संगणकावर काढतात त्यांनी मूळ फाइलची प्रत आणि एक छापील कागद, दोन्ही द्यावे.

दुसरी विनंती नोंदवहीची. ज्याने कागद दिला त्याचे नाव, त्याच्या उस्तादाचे नाव, कोठे शिकला, काय काय केले, हे चार ओळींत लिहून घ्यावे. हे काम आमच्या शाळेतील मुले करतील, आम्ही जबाबदारी घेतो. मुलांचे लिहिणे सुधारेल आणि घरातल्या आजोबांना आपण काही तरी केले आहे असे वाटेल. मात्र मालकी देणाऱ्याचीच राहावी. ट्रस्टने राखणदार व्हावे, धनी होऊ नये. व्यापाऱ्याला दाखवायचे की नाही, हे देणाऱ्याने ठरवावे. एवढा विश्वास असला तरच कागद येतील.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत डॉक्टर, इंजिनिअर, अध्यापन, हिशेब हे सर्व आहे. त्यात चित्रकला नाही. आमच्या आठवी-नववीच्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुली अशा निघतात की ज्यांच्या गणिताच्या वहीची मागची पाने वेलबुट्टीने भरलेली असतात. त्यांच्या आया दिवसभर घरी बसून साडीवर टिकल्या चिकटवितात, लेस लावतात, धागे कापतात. दुसऱ्याने ठरविलेल्या जागी टिकली लावायची, ही त्या घरातली रीत झाली आहे. टिकली कोठे लागावी हे ठरविणारे माणूस त्याच घरातून निघू शकते, असे आम्ही म्हणतो. अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आहे. गांधीनगरला फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, निफ्ट, १९९५ पासून आहे. दोन्हीकडे प्रवेशासाठी मुलाच्या रेखाटनाची आणि कल्पनेची परीक्षा होते. म्हणजे जी वही आपण 'अभ्यास सोडून काय रेघोट्या ओढतेस' म्हणून बंद करतो, तीच तेथे उघडून पाहतात. फी मोठी आहे, प्रवेश कठीण आहे, सर्वांना मिळेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ज्या दाराची पायरीच आपण बांधली नाही, त्या दारापर्यंत आपली मुलगी जाणार कशी? निदान कागद, रंग, एक शिक्षक आणि परीक्षेची फी, एवढे ट्रस्टला जड नाही.

काही पालकांच्या मनात शंका येईल की फॅशन हा थिल्लर विषय आहे, आणि आपल्या घरच्या मुलींना तो शोभणारा नाही. या शंकेला आम्ही हसणार नाही. आदराने एवढेच सांगू की कपडा हा आपल्या कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. यंत्रमाग थिल्लर नाही, रंगाईचे काम थिल्लर नाही, जरीचे काम थिल्लर नाही. मग या सर्वांना दिशा देणारा कागदच तेवढा थिल्लर कसा? भानुताईंचे काम पाहा. अभ्यास, प्रवास, इतिहास, हिशेब, माणसांशी बोलणे, कारागिराचा मान राखणे, वेळेवर काम पोहोचविणे, हे सर्व त्यात आहे. शाळेत आम्ही जे जे शिकवितो ते सर्व त्यात लागते. कोल्हापुरातील त्या घरात वडील गेल्यानंतर मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेणे सोपे होते. ती काढून घेतली नाही, म्हणून आज ते पुस्तक आपल्या टेबलावर आहे.

ट्रस्टच्या संस्थापकांनी आरंभी जी कामे हाती घेतली, ती त्या वेळच्या गरजेची होती: दवाखान्याची मदत, वह्या-पुस्तके, विधवा भगिनींना शिलाई यंत्रे. शिलाई यंत्र देणारा ट्रस्ट कपड्याशी परका नाही. त्या यंत्रावर काय शिवायचे, हे कागदावर काढण्याचे बळही आता द्यावे. पुढची पाऊले पुढची पिढी टाकील.

तेव्हा कार्यक्रम संपल्यावर सर्वांनी वाचनालयातून जरूर जावे. घाई करू नये. खाके पाहताना ज्यांनी ते काढले त्यांची नावे शेजारच्या पट्ट्यांवर लिहिली आहेत, तीही वाचावीत. आणि घरी गेल्यावर पलंगाखालची पेटी, माळ्यावरची सुरळी, जुन्या गादीखालचा कागद एकदा काढून पाहावा. फाटका असला तरी चालेल, अर्धा असला तरी चालेल. आपल्या घरच्या कोणा माणसाने तो काढला असेल, तर त्याचे नाव पाठीमागे लिहून येत्या महिन्याच्या आत वाचनालयात आणून द्यावा. पोच देण्याचे काम आम्ही स्वतः करू.

 ट्रस्टला दीर्घायुष्य लाभो.